नळी नसलेल्या ग्रंथी

सकाळचे साडेसात. धंतोलीच्या लॅबमध्ये
कूलरच्या खसाला अजून कालचाच वास.
पारा आत्ताच अडतीस म्हणतोय,
दुपारी सेहेचाळीसच्या खाली काही तो ऐकणार नाही.
मी ट्यूब लावून ठेवते, पिवळं झाकण, जांभळं, लाल.
लोकांच्या दंडाला पट्टा बांधता बांधता बावीस वर्षं झाली.
शीर सापडायला आता डोळे लागत नाहीत.

शिकवताना बावणकर सर म्हणायचे,
लाळेच्या ग्रंथीला नळी असते, घामाच्याही,
जिथलं पाणी तिथंच पाझरतं.
पण काही ग्रंथींना नळीच नसते.
मागच्या बाकावरून सुधन्वा ओरडला,
"म्हणजे आमच्या वस्तीसारख्या, सर! नळ नाही, टँकर येते."
सगळे हसले.
सर म्हणाले, "नाही बे, उलटं.
दारातून नदी वाहते, तिच्यात ओतून मोकळ्या होतात,
पत्ता न लिहिता.
नदी गावभर फिरते. ज्या दाराला त्या मापाचं कुलूप
तेवढंच दार उघडतं. शेजाऱ्याला खबरही नाही."

मी नाग नदीच्या काठची.
आमच्या नदीत कोण काय ओततं ते बघत वाढले,
म्हणून मला ते काही पटलं नव्हतं.
किती थोडं पुरतं, हे फार नंतर समजलं :
अख्ख्या अंबाझरीत चिमूटभर साखर,
आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी
तोंड गोड झालं म्हणून उठून बसावं, इतकं.

आज बाकावर तिसरी, कुंदा पराते, तांडापेठ.
चिठ्ठीवर थायरॉईड. वय चोवीस.
बाळंत होऊन नऊ दिवस. बाळ मेडिकलला, काचेच्या पेटीत,
सव्वा किलो, नाव अजून ठेवलेलं नाही.
"दूध येऊनच नाही राह्यलं, ताई. पंपानं बी नाही.
सासू म्हणते, पोरीचं मनच नाही."

बावीस वर्षांत मनासाठीची ट्यूब
माझ्या हातात कुणी दिलेली नाही.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत कुणाचं तरी सहा महिन्यांचं पोर
सुई दिसायच्या आधीच, माझा पांढरा कोट बघून
भोकाड पसरतं.
कुंदा पदर सावरते.
पुन्हा सावरते.
मग खाली बघते. पोलक्यावर दोन ओले ठिपके,
हळूहळू रुपयाएवढे, मग वाटीएवढे.

मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी ती.
तिनं विचारलं नाही, पोर कुणाचं.
रडलं, एवढंच कानावर आलं, आणि ओतलं.
रक्ताची एक फेरी व्हायला जेमतेम मिनिट लागतं.
सासूचं बोलणं, नऊ रात्री, काचेची पेटी,
सगळ्यांच्या दारावरून ते गेलं असणार,
थांबलं नाही.

"ताई, हे वाया जाईन का?"

मी पडदा ओढते. सीलबंद निर्जंतुक डबी फोडून देते,
एरवी हिच्यात आम्ही थुंकी मागतो.
आणि त्या पोराच्या आईला सांगते,
"रडू द्या हो जरा. गप्प नका करू एवढ्यात."
ती माझ्याकडे बघतच राहते.

बारा मिली.
लेबलवर हात सवयीनं लिहितो :
कुंदा पराते यांचं बाळ. सात पन्नास.
तपासणीच्या रकान्याशी पेन थांबतं.
तो तसाच सोडते.

समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ,
लसीचा रिकामा थर्माकोलचा डबा,
आणि तिचा नवरा ऑटोत डबा मांडीवर घेऊन
असा बसतो, जणू आत झोपलंय कुणी.
रामदास ऑटोवाल्याला मी बजावते, गड्डे टाळून जा.

तिचं रक्त काढायचं राहूनच गेलं होतं.
ती स्वतःच खुर्चीत येऊन बसते, हात पुढे करते.
मी पट्टा बांधते. शीर तटतटून वर आलेली.
सुई आत जाते तरी तिचं लक्ष नाही.
पोर आता हुंदके देत, दमून, आईच्या खांद्यावर.
कुंदा वाकून विचारते,
"काय नाव ठेवलं जी याचं?"